बेअरिंग सुटण्याइतकी आच

खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो ओव्हनचा.

उज्जैनमध्ये, फ्रीगंजच्या मागच्या गल्ल्यांतून मी कितीतरी दिवस खोली शोधत फिरत होते. तोवर माझं चरित्र मला पाठ झालं होतं. मिस्टर कुठे असतात, बरोबर का नाहीत, अंडं खाता का, भेटायला कोण कोण येतं. एकटी बाई खोली मागते म्हटलं की लोकांना आपल्या घराची इभ्रत आठवते. इथे मात्र मी तोंड उघडायच्या आत हे लुंगीवाले गृहस्थ, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, मला विचारत होते, "ओव्हन आहे का तुमच्याकडे?"

"आहे."

"वर-खाली दोन्हीकडे कॉइल? दार घट्ट लागतं?"

"लागतं."

"और फ्रीज? फ्रीझरला दार वेगळं आहे की एकातच?"

"वेगळं आहे."

"मग सामान केव्हा आणून राहिलीस, बेटा?"

आतून एक बाई ओरडल्या, "अहो, तिचं नाव तरी विचारा!"

"नावाचं काय, सांगेल ना ती आरामात. कुठे पळून चाललीय?"

अशी मला खोली मिळाली. अट एकच होती. गुरुवारची दुपार ओव्हन त्यांचा, आणि फ्रीझरचा वरचा कप्पा कायमचा त्यांचा. मला वाटलं म्हाताऱ्याला केकबिकचा नाद असेल. माझ्या डोक्यात दुसरं काय येणार?

पहिल्या गुरुवारी काका (घरमालकांना मी काका-काकूच म्हणायला लागले होते) माझ्या वरच्या खोलीत आले ते हातात एक पितळी परात घेऊन. परातीत माझ्या मुठीत मावेल एवढं एक इंजिन होतं, सुटं केलेलं. आकाशात उडवायची छोटी विमानं असतात ना, हौशी लोकांची, त्यातलं. खरोखरीचं इंजिन, पेट्रोलच्या इंजिनासारखंच चालणारं, फक्त त्याला खाऊ घालायचं स्पिरिट आणि एरंडेल तेल. त्याच्या पोटात एक दांडा फिरतो आणि तो दांडा दोन बेअरिंगांवर टेकलेला असतो. उडवून झालं की लोक ते तसंच माळ्यावर टाकतात. आत राहिलेलं स्पिरिट हवेतलं पाणी ओढतं, बेअरिंग गंजतं, आणि पुढच्या वेळी इंजिन घरघरायला लागतं. देशभरातले हौशी लोक अशी घरघरणारी इंजिनं पार्सलनं काकांकडे पाठवत. काका जुनी बेअरिंगं काढत, नवी बसवत. बस्स, एवढंच. बाकी काही बिघडलं असेल तर साफ हात वर करायचे. "ते अपना काम नाही. अपन फक्त बेअरिंगवाले."

आयुष्यभर त्यांनी सरकारी वजनमापं तपासायची नोकरी केली होती. बाजारात जायचं, तागड्या बघायच्या, खोटी वजनं पकडायची. त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी दरबारी कारकून म्हणून इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. त्यामुळे मराठी घरची, पण बोलणं निम्मं हिंदी. मी साताऱ्याकडची. पहिले काही महिने मला त्यांचं वाक्य शेवटापर्यंत ऐकून मग कळायचं.

त्यांच्याकडे ओव्हन नव्हता, आणि फ्रीज होता पण त्याला हात लावायची काकूंनी त्यांना बंदी केली होती. ती कथा मला काकूंनीच सांगितली. एका उन्हाळ्यात फ्रीझरमधली पुडी फुटली आणि एक बेअरिंग बर्फाच्या ट्रेमध्ये जाऊन गोठलं. काकूंच्या माहेरची माणसं आली होती. पन्ह्याच्या पेल्यात बर्फ पडला आणि काकूंच्या भावानं तो कडकन चावला. दाताचा टवका गेला. घरात गडबड उडाली, काका धावत आले, मेव्हण्यांच्या तळहातावरचं बेअरिंग त्यांनी उचललं आणि आधी ते लुंगीला पुसून कोरडं केलं.

"पाणी लागलं याला. आता हे गंजणार," म्हणाले.

"माझा भाऊ तोंड दाबून बसलेला, आणि यांना बेअरिंगची सर्दी!" काकू हे सांगताना आजही हसत नाहीत, मी हसते.

त्यांचं काम बघत बसायची मला हळूहळू सवय लागली. गुरुवारी मी मुद्दाम घरी थांबायचे. इंजिन उघडून, दांडा काढून, रिकामं अ‍ॅल्युमिनियमचं कवच ते ओव्हनमध्ये ठेवत. त्या कवचाला ते 'घर' म्हणायचे आणि बेअरिंगला 'पाहुणा'. घर तापलं की फुगतं. पाहुणा पोलादाचा, तोही फुगतो, पण कमी. मग एका क्षणी त्याची पकड सुटते. घर जाड फडक्यात धरायचं, लाकडावर अलगद टेकवायचं, की पाहुणा टुक करून बाहेर. नवा बसवताना घर पुन्हा गरम करायचं आणि बेअरिंग फ्रीझरमधून थंडगार काढायचं. सरळ धरून सोडलं की आपल्याच वजनानं तळाशी जाऊन बसतं. पण सवड मिळते दोन श्वासांची. तेवढ्यात थंड बेअरिंग तापतं, आणि जरा तिरकं गेलं असेल तर तसंच मध्ये अडकून राहतं.

त्या दोन श्वासांच्या वेळी बोलायचं नाही. खोकायचं नाही. एकदा माझा फोन वाजला, तर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो उशीखाली दाबला आणि वर बसले. बेअरिंग बसलं की मोठ्यानं "जय महाकाल" म्हणायचे आणि लगेच चहा मागायचे.

लाकूडही साधं चालायचं नाही. भैरवगढला कापडावर छपाई करायचे ठप्पे कोरणारा एक कारागीर त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडचे झिजलेले ठप्पे ते घेऊन येत. वेलबुट्टीची बाजू खाली, सपाट पाठ वर, आणि त्या पाठीवर इंजिन टेकवायचं. पुढचं बेअरिंग आतून ढकलायला लागणाऱ्या लाकडी दांड्याही तोच कातून द्यायचा. लोखंड लोखंडाला लागता कामा नये, हा नियम. तिथल्याच छापील कापडाच्या चिंध्यांच्या काकू छोट्या पिशव्या शिवत. त्यात काढलेली गंजकी बेअरिंगं घालून काका ती इंजिनाबरोबर मालकाला परत पाठवत.

"कशाला, काका? त्याला काय करायचंय त्यांचं?"

"त्याच्या घरचं माणूस आहे, बेटा. अस्थी घरच्यांनाच द्यायला पाहिजे ना?"

कुणीकुणी पिशवी परत पाठवायचे, 'नको' म्हणून. मग काकू म्हणायच्या, "शिप्रेत नेऊन सोडू नका म्हणजे झालं. रामघाटावरचे गुरुजी आधीच वैतागलेत तुमच्यावर." ते वैतागायचं कारण असं की काकांच्या वडिलांच्या श्राद्धाला, पिंड हातात असताना, हे गुरुजींना म्हणाले होते, "तुमच्या स्कूटरच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, मघाशी तुम्ही आलात तेव्हा ऐकलं."

त्यांना ऐकू यायचंच तसं. लाकडी मुठीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, कायम खिशात. त्याचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. भाजीवाल्याच्या गाडीचं चाक त्यांनी असं ऐकलंय, शेजारच्यांची पिठाची चक्की ऐकलीय. डॉक्टरांनी काकूंच्या गुडघ्याला कान लावला नाही म्हणून ते डॉक्टर त्यांच्या मनातून उतरले. आणि बॅटरीवर उडणारी नवी विमानं आली, ड्रोन आले, त्यांचा तर त्यांना मनस्वी तिरस्कार. ना वास, ना धूर, ना हाताला तेल. माणसातही ते फरक करायचे. गोड बोलून काम न करणारा कुणी भेटला की घरी येऊन सांगायचे, "बॅटरीवाला आहे."

दारावर लोक लिंबू-मिरची लावतात, यांच्या दारावर एक तडा गेलेलं इंजिन टांगलेलं होतं. ते त्यांचं पहिलं. तरुणपणी मित्राचं आणलेलं, बेअरिंग निघेना म्हणून हातोडा घातला, आणि घर फुटलं. मित्र काही बोलला नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं. "मी मारलं त्याला," म्हणायचे. "दोन मिनिटं गरम केलं असतं तर निघून आलं असतं. मला धीर नव्हता." त्यानंतर त्यांनी घरात हातोडाच ठेवला नाही. काकूंना भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर बत्ता घ्यावा लागायचा.

आता माझं सांगते. मी नवऱ्याशी न पटल्यामुळे निघून आले होते. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, त्यामुळे कुणाला माझं कारणच पटायचं नाही. एका शाळेत नोकरी मिळाली म्हणून उज्जैनला आले आणि वर्ष संपायच्या आत शाळेनं मुलं कमी झाली म्हणून आम्हा तिघींना घरी पाठवलं. माझा दादा साताऱ्याहून दर रविवारी फोन करायचा. वाईट नाही हो तो, माझ्या काळजीनं त्याला झोप लागायची नाही. पण त्याचं एकच, "किती दिवस हट्ट करणार? दिवाळीला मी घ्यायला येतो. आईकडे चल, मग सासरचं बघू काय ते." सासरचं बघू म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला परत जायचं नव्हतं. पण इथं राहायचं तर पोट भरायला हवं, आणि माझ्याकडे होता तो एक ओव्हन.

मी केक करून विकायला लागले. इथे अंडं चालत नाही म्हणून बिनअंड्याचे. आणि माझे केक बसायचे. वरून छान फुगायचे, बाहेर काढले की मधोमध खड्डा. मी सगळ्यांना दोष देऊन झाले. मैद्याला, पाण्याला, दह्याला, नशिबाला. गल्लीतल्या लोकांनी एकदा कौतुकानं घेतले, दुसऱ्यांदा कुणी घेईना. मी रडकुंडीला आले होते.

अशाच एका गुरुवारी काका ओव्हनसमोर बसले होते. एरवी ते काट्याकडे न बघता ओव्हन भरपूर तापवत, आज मात्र काटा बरोबर दीडशेवर ठेवलेला. घर टेकवलं, काही नाही. पुन्हा आत ठेवलं. पुन्हा काही नाही. मग काटा तीस अंश पुढे सरकवला, थोडा वेळ थांबले, टेकवलं, आणि बेअरिंग टुक करून ठप्प्यावर पडलं.

"बेटा, तुझा ओव्हन खोटं बोलून राहिलाय."

"काय?"

"हे घर मी कितीदा उघडलंय त्याला गणती नाही. हे दीडशेला सोडतं. गॅसवर तापवलं तरी दीडशेला, तव्यावर तरी दीडशेला. तुझ्या इथे एकशेऐंशी लिहिलंय तेव्हा सोडलं. म्हणजे तुझा काटा तीसनं पुढे पळून राहिलाय. असे भोत दुकानदार पाहिलेत मी नोकरीत."

मला रागच आला. म्हटलं, "महागाचा ओव्हन आहे, काका. तुमचं बेअरिंगच अडकलं असेल गंजून."

"बेअरिंगला काय पडलंय खोटं बोलायचं? त्याला केक विकायचाय का?"

दुसऱ्या दिवशी मी, त्यांना कळू न देता, काटा तीस अंश पुढे ठेवून केक लावला. फुगला, आणि फुगलेलाच राहिला. मी तो ताटात घेऊन खाली धावत गेले आणि जिन्यातच मला रडू फुटलं. काकांनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "ठीक आहे. साखर जरा जास्त आहे." काकूंनी मात्र मला जवळ घेतलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण इथे टिकू. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण माझी चूल पेटली ती एका गंजक्या बेअरिंगमुळे. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू? फेडायचा प्रश्न काढला की ते भडकतात, म्हणून मी काढत नाही.

अजून आहेत दोघं खाली. काकांचे हात आता थरथरतात, त्यामुळे बेअरिंग मी बसवते आणि ते शेजारी बसून ओरडतात. "तिरकं! तिरकं चाललंय! अरे भई, देवाचं नाव घे आणि सोड!" माझे केक सुरेख झाले तरी ते काही म्हणत नाहीत. बेअरिंग सरळ बसलं तर मात्र दिवसभर खुशीत असतात.

पण त्या दिवाळीचं सांगायचं राहिलं.

फ्रीगंजात सुक्या मेव्याचं नवं दुकान उघडणार होतं. त्यांच्या शेटजींनी माझा केक कुठेतरी खाल्ला होता. त्यांनी निरोप पाठवला, उद्घाटनाच्या संध्याकाळी सहापर्यंत डझनभर केक आणून द्या, चालले तर काउंटरवर रोज ठेवू. रोज! माझ्यासाठी त्या एका शब्दात सगळं होतं. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे इथे राहणं. आणि नेमका त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं दादा येणार होता. त्यानं परतीची दोन तिकिटं काढून ठेवली होती, त्याच रात्रीची. मी फोनवर म्हटलं, "संध्याकाळपर्यंत बघ. नाही जमलं तर येईन तुझ्याबरोबर. शब्द देते." बोलून गेले, आणि फोन ठेवून मैदा मोजायला घेतला.

सकाळी मी दादाला आणायला स्टेशनवर गेले. परत येऊन, त्याला चहा देऊन, पहिले चार केक ओव्हनमध्ये लावले. रंग सुंदर आला. काढले, कापून दादाला तुकडा दिला. त्यानं तोंडात घातला, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला.

"एरंडेल घातलंस यात?"

मी खाल्ला. एरंडेल! घशापर्यंत एरंडेल. ओव्हनचं दार उघडून वास घेतला तर आतून जळक्या तेलाचा भपकारा.

काकांना हाक मारली. ते वर आले, दारातच थांबले, नाक वर करून वास घेतला, आणि मला त्यांचा चेहरा उतरताना दिसला. झालं होतं असं. सकाळी एक इंजिन त्यांनी ओव्हनमध्ये लावलं होतं. आज माझा मोठा दिवस, दुपारी माझ्या पायात यायला नको, म्हणून गुरुवार असूनही दुपारची वाट न बघता, मी स्टेशनवर गेले असताना, लवकर उरकून टाकलं. एरवी प्रत्येक घर ते आधी सोड्याच्या पाण्यात उकळतात, म्हणजे आत साठलेलं जुनं एरंडेल निघून जातं. हे घर बाहेरून लख्ख दिसलं. घाई होती. नाही उकळलं. पुढच्या बेअरिंगच्या मागे तेल साचलेलं होतं, ते जळलं आणि ओव्हनच्या कणाकणात बसलं.

"मी धुतलं नाही," एवढंच म्हणाले. "पक्की चूक. मी धुतलं नाही." आणि खाली न जाता जिन्याच्या पायरीवर बसले.

मी ओव्हन लिंबानं पुसला, सोड्यानं पुसला, रिकामा तापवला. वास जाईना. फ्रीगंजातल्या बेकऱ्या दिवाळीच्या कामात, कुणी भट्टी द्यायला तयार नाही. घड्याळात बारा वाजून गेले होते. दादा माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "जाऊ दे ग. तू केलंस तेवढं खूप केलंस. सामान बांधायला घेऊ?" तो इतक्या मायेनं म्हणाला की मला भांडताही येईना. मी खरंच बॅग खाली काढली.

तेवढ्यात काकू वर आल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. "मयत झाल्यासारखे काय बसलात? आमच्या वेळी कुठे होते ओव्हन? नानकटाई मी कुकरमध्ये करायचे, खाली मीठ पसरून. गल्लीत कुकरला काय तोटा?"

"काकू, कुकर कितपत तापलाय ते कसं कळणार? तीस अंशांनी काय होतं ते मी भोगलंय. त्यात चुकायला माझ्याकडे आता सामानही नाही."

त्यावर काका पायरीवरून उठले. खाली गेले आणि परातीत जुनी घरं घेऊन आले. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली, पाय तुटलेली, त्यांनी हातच्या सरावाला ठेवलेली. प्रत्येकात एकेक बेअरिंग बसवलेलं. "हा दीडशेला सोडतो," एक एक उचलत म्हणाले. "हा जरा चिवट आहे, हा पावणेदोनशेला. हे तिघंही चिवट. तुला किती पाहिजे?"

"पावणेदोनशे."

"मग हे चार. कुकरमध्ये उलटे ठेवायचे. जेव्हा पाहुणा पडेल, तेव्हा केक आत."

या खेपेला त्यांनी घरं उकळली, पुन्हा उकळली, आणि काकूंनी नाकाशी धरून पास केल्याशिवाय एकही पुढे जाऊ दिलं नाही. काकू गल्लीतून कुकर घेऊन आल्या. दोन शेगड्या वर, दोन खाली. लांबट साचे कुकरमध्ये मावेनात, म्हणून कुकरचेच गोल डबे घेतले. दादाला मी म्हटलं, "बसून राहू नकोस, झाकणं धर." साखर कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारा माझा भाऊ शर्टाच्या बाह्या वर करून, दोन फडकी घेऊन उभा राहिला.

काकांनी पेचकसाचं टोक कुकरच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"चूप! सगळे चूप!"

स्वयंपाकघरात माशी हलेना. खाली कुणी फटाका लावला, तर काकू गॅलरीत जाऊन त्या घरावर अशा कडाडल्या की पुढे तासभर गल्ली गप्प होती. मी हातात पिठाचा डबा धरून उभी, दादाच्या कपाळावरून घाम गळतोय. आणि आतून बारीकसा आवाज आला. टुक.

"जय महाकाल! काढ! आत घाल! आच कमी कर, कमी, अजून कमी!"

दादानं झाकण उचललं, काकांनी चिमट्यानं घर आणि बेअरिंग बाहेर काढलं, मी डबा आत ठेवला. लगेच दुसरा कुकर. मग खाली धावत जाऊन तिसरा, चौथा. काका पंचाहत्तरीच्या पुढचे, पण त्या दिवशी जिने कसे चढले-उतरले देव जाणे. एक केक खालून जरा करपला, कारण दादा आच कमी करायला विसरला. तळ खरवडून तोही डझनात घातला. काका त्याच्यावर असे ओरडले, जसा त्यांचा स्वतःचाच भाऊ आहे. दादा 'सॉरी, सॉरी' म्हणत राहिला. मला आठवत नाही याआधी कधी त्यानं कुणाला सॉरी म्हटलेलं.

सहाला थोडा वेळ होता तेव्हा दादा आणि मी ई-रिक्षातून निघालो, मांडीवर खोकी घेऊन, केक अजून कोमट. शेटजींनी खोकं उघडलं आणि भुवया चढवल्या.

"मैडम, ये तो गोल हैं। मैंने लंबे वाले बोले थे।"

दादाच पुढे झाला, त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत, "पहले खाके तो देखिए, सेठजी। फिर बोलिए।"

शेटजींनी सुरी मागवली, कापला, खाल्ला. बराच वेळ चावत राहिले. मग नोकराला दुसरा तुकडा दिला. मग तिसरा कापला, तो स्वतःच घेतला.

"गोल ही रखो," म्हणाले. "कल सुबह दस बजे तक और मिल जाएँगे?"

रिक्षा परत फिरवली. घरी पोचलो तर काका पायरीवरच बसलेले. मी होकारार्थी मान डोलावली. त्यांनी दोन्ही चष्मे काढले आणि लुंगीनं पुसत बसले, बराच वेळ.

दादानं आपली बॅग घेतली. काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, हिला सांभाळा."

"मी?" काका चिडलेच. "मी कोण सांभाळणारा? मी तिचा ओव्हन वाया घालवणारा माणूस. तिनं मला घरातून काढलं नाही हेच भोत झालं!"

दादा हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. मी त्याला सोडायला स्टेशनवर जायला हवं होतं, पण वर मैदा भिजवायचा होता, मीठ बदलायचं होतं, काकू कुकर घासायला बसल्या होत्या. तो फाटकापर्यंत गेला, खिशातून दोन्ही तिकिटं काढून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मागे वळला.

"आईला काय सांगू?"

"सांग," मी म्हटलं, "ती कामात आहे."